कसं झालं, हे विचारल्याबद्दल

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं हसत होतात. थोरल्याने विचारलं, "आजी, तुला खरंच बॅन केलं?" आणि धाकटी उशीत तोंड खुपसून खिदळायला लागली. मागे तुमचा बाबा उभा होता. तोही हसत होता, म्हणजे गोष्ट त्याच्याकडूनच तुमच्यापर्यंत गेली होती आणि विनोद म्हणून गेली होती. मला शेवंतीला पाणी घालायचंय असं सांगून मी फोन ठेवला. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

मला राग आला की मी बोलत नाही, लिहिते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उभं आयुष्य फायलींवर टिपणं लिहिण्यात गेलं. बोलून बिघडलेली प्रकरणं तिथे खूप पाहिली. तुम्ही मेलबर्नच्या त्या शनिवारच्या शाळेत मराठी वाचायला शिकला आहात, तेव्हा हे वाचा. अडलेले शब्द बाबाला विचारा. त्यानेही हे वाचावं अशी माझी इच्छा आहेच.

मला शेवंतीच्या एका ग्रुपमधून काढलं आहे, म्हणजे त्यांच्या भाषेत 'म्यूट' केलं आहे. मला सगळ्यांचं दिसतं, पण मी काही लिहू शकत नाही. माफी मागितली की पुन्हा लिहिता येईल. मी माफी मागितलेली नाही.

हा ग्रुप जगभरच्या शेवंती लावणाऱ्या लोकांचा आहे. मयूर विहारच्या आपल्या बाल्कनीत मी शेवंतीच्या कुंड्या लावते हे तुम्हाला माहीत आहे. इथले माळी तिला गुलदाउदी म्हणतात. पावसाळ्यात फांद्या लावायच्या, शेंडे खुडत राहायचं, मोहरीची पेंड भिजवून घालायची, बाजूच्या कळ्या काढून एकच ठेवायची, मग डिसेंबरात बशीएवढं फूल येतं. मी निवृत्त झाले तेव्हा तुमच्या बाबानेच मला या ग्रुपमध्ये घातलं. आई रिकामी बसली तर माझ्या संसारात लक्ष घालेल असं त्याला वाटलं असावं. मी मन लावून तिथे काम केलं. कुणाच्या पानांवर बुरशी आली, कुणाची मुळं कुजली, सगळ्यांना मी मुद्देसूद उत्तरं देत असे.

तिथे माझी एक मैत्रीण झाली. इंग्लंडच्या उत्तरेकडे एका लहान गावात राहते, वयाने माझ्याएवढीच. तिच्या अंगणात काचेचं घर आहे, थंडीत झाडं आत ठेवायला. तिच्या प्रत्येक फोटोत कुंडी धरलेले दोन हात असायचे. नखांत माती, एका अंगठ्यावर जुना व्रण. ते तिच्या नवऱ्याचे हात होते. त्याचा चेहरा आम्ही कुणीच कधी पाहिला नाही. तुमचे आजोबा ते फोटो बघून म्हणायचे, "याची बायको याला स्टँडसारखा वापरते." मग एकदा स्वतःच बाल्कनीत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चलो, मलाही दे एक कुंडी." तेव्हापासून माझ्याही फोटोत हात आले. तिने लगेच ओळखलं. लिहिलं, तुझ्याकडेही आता एक स्टँड आला वाटतं. आजोबा दिवसभर हसत होते. त्यांचंच वाक्य तिलाही सुचावं, याची त्यांना फार गंमत वाटली.

गैरसमज या ग्रुपमध्ये पहिल्यांदा झाला असंही नाही. सुरुवातीला बेल्जियमच्या एका बाईंच्या वाढदिवसाला मी माझी सर्वांत मोठी पांढरी शेवंती फोटो काढून पाठवली होती. त्यांच्याकडे शेवंती कबरीवर ठेवतात. त्या म्हणाल्या, थोडी घाई झाली तुमची, अजून मी आहे. सगळा ग्रुप हसला, मीही हसले. कुणी नियम दाखवला नाही, कुणाला कुणाची काळजी घ्यावीशी वाटली नाही. फूल होतं तोवर सगळं माफ होतं.

यंदा फुलं उतरायच्या सुमारास माझ्या मैत्रिणीने एक फोटो टाकला. कुंडी फरशीवर होती. हात नव्हते. खाली एवढंच, की माझा नवरा गेला, काही दिवस मी इथे नसेन.

खाली हृदयांची रांग लागली होती. लाल, पांढरी, निळी. 'मिठी पाठवत आहे.' 'शब्द नाहीत.' शब्द नाहीत हे इतक्या जणांनी त्याच शब्दांत लिहिलं होतं की मला चीड आली. मी चष्मा लावला आणि लिहिलं, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, एकेक प्रश्न वेगळ्या ओळीवर. कसं झालं? आजारी होते का? घरी गेले की हॉस्पिटलात? जवळ कोण होतं? रात्री तुझ्यासोबत कोण झोपतं? तू जेवलीस का?

एवढंच. यात एक अक्षर वाईट असेल तर मला दाखवा.

मी भाजी निवडून येईपर्यंत माझ्याखाली भांडण पेटलं होतं. एकाने लिहिलं, हे तुमचं काम नाही. एकीने लिहिलं, मेलेल्या माणसाच्या भानगडीत काही लोकांना रस असतो. एक सभ्य गृहस्थ, ज्यांच्या झाडांवरची माव्याची कीड मी घालवून दिली होती, ते म्हणाले की कदाचित यांच्या देशात दुःखाचा असा तमाशा करत असतील, आपण समजून घेऊ या. समजून घेऊ या! तमाशा म्हणून झाल्यावर समजून घ्यायला काय उरतं?

पण तळपायाची आग मस्तकात गेली ती वेगळ्याच कारणाने. ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, गुरुग्रामची. माझ्यापासून मेट्रोने जाण्यासारख्या अंतरावर राहते. गेल्या वर्षी ती माझ्या घरी येऊन मुळं धरलेल्या फांद्या घेऊन गेली, साबुदाण्याची खिचडी खाऊन गेली, आंटी आंटी करत माझ्या पाया पडली. तिने लिहिलं की एक भारतीय म्हणून मी सर्वांची क्षमा मागते, आमच्याकडच्या आंट्यांना मर्यादा म्हणजे काय ते कळत नाही, आम्ही त्यावर काम करत आहोत. त्यालाही हृदयं मिळाली. पुष्कळ मिळाली.

आम्ही म्हणजे कोण? माझ्यावर कोण काम करतंय? मी कुणाला हे काम दिलेलं नाही. आणि मला क्षमा हवी असती तर मी स्वतः मागितली असती, इंग्रजी मला तिच्याहून बरं येतं. परक्याने अपमान केला तर निदान त्याला माहीत नाही असं म्हणता येतं. हिला माहीत होतं. हिची आजी वारली असेल तेव्हा हिच्या आईने येणाऱ्या-जाणाऱ्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं असणार, आणि ही आत चहा करत ते ऐकत असणार. तिने ते माहीत असून विकलं, चार हृदयांसाठी.

मग ग्रुप सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप आला. अमेरिकेतल्या आहेत. भाषा फार गोड होती. तुमचे प्रश्न काढून टाकले आहेत, यामागे सांस्कृतिक फरक असू शकतो हे आम्हाला समजतं, आमचा एकच नियम आहे की दयाळूपणे वागा, आपण छोटीशी माफी लिहिलीत की पुन्हा सामील होऊ शकाल. मी सहीसाठी पुढे आलेल्या कागदासारखं ते पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या कार्यालयात शिपायाने सुद्धा दांडी मारली तर आधी त्याचा खुलासा मागवायचो. तुमच्यावर हा आरोप आहे, तुमचं म्हणणं काय? इथे आरोप नाही, खुलासा नाही, थेट शिक्षा, आणि वर दयाळूपणा. ज्या बाईला मी प्रश्न विचारले तिला ते नकोसे झाले का, हेही कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वतीने सगळ्यांनी दुखावून घेतलं होतं.

तुमच्यासाठी खुलासा लिहिते, कारण तिकडे तुम्हाला हे कुणी शिकवणार नाही.

माझ्या लहानपणी, आम्ही नागपूरला असताना, कुणी वारलं की आई सगळं टाकून भेटायला जायची. 'भेटायला जाणं' याचा तेव्हा हाच एक अर्थ नसला तरी तिच्या आवाजावरून आम्हाला कळायचं की आज कुठल्या भेटीला निघाली आहे. मीही जायचे. घरात सतरंजी घातलेली असायची. तिच्यावर बसायचं. थोडा वेळ काही बोलायचं नाही. मग बायकांतली मोठी असेल ती विचारायची, कसं झालं? आणि ज्या बाईचं माणूस गेलं ती सांगायला लागायची. सकाळी चहा मागितला, मग म्हणाले छातीत कसंतरी होतंय, मग मी जाऊबाईंना हाक मारली. सगळं ठाऊक असलेल्या बायकाही पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायच्या. दुसरा घोळका आला की पुन्हा कसं झालं, पुन्हा चहापासून सुरुवात. निघताना 'येते' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. त्या घरी चूल पेटायची नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी यायची आणि ती बाई दोन घास खाते का यावर सगळ्यांचं लक्ष असायचं.

मला ते लहानपणी क्रूर वाटायचं. एकदा आईला तसं म्हणाले. ती म्हणाली, "एकदा सांगून पोटातलं बाहेर येत नाही, बाई. पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, तेव्हा कुठे ते झालंय हे पटतं." भोचकपणा आमच्याकडेही असतो, भरपूर असतो. पगार किती, मूल का नाही, हे सगळं विचारणारे मी जन्मभर झेलले आहेत. हा प्रश्न त्यांतला नाही. हा विचारणारा तुमच्याकडून काही नेत नाही, तुमच्या पोटातलं थोडं स्वतःच्या पोटात घेऊन जातो.

बॅन झाल्यावर मी तुमच्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, "आई, दोन ओळींचं काम आहे, सॉरी लिही ना."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल असं नसतं गं. त्यांना वाईट वाटलं म्हणून. मी ड्राफ्ट पाठवतो, तू फक्त पेस्ट कर."

माझ्या मुलाने मला ड्राफ्ट पाठवायचा! मी त्याला मराठीत, इंग्रजीत आणि वर हिंदीतही विचारलं, की यात चूक काय होती ते सांग. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "तिकडे लोक असं विचारत नाहीत. प्रायव्हसी देतात. ते पण प्रेमच असतं."

आणि तेव्हा मला आजोबा गेले ते दिवस आठवले. आठवले असं म्हणणं खोटं आहे, ते दिवस गेलेलेच नाहीत. पण त्या दिवसांबद्दलचा राग मला तेव्हा सापडला.

आजोबा गेल्यावर तुमचा बाबा दुसऱ्या दिवशी पोचला. सगळं त्याने नीट केलं. भंतेजींना बोलावलं, पुण्यानुमोदनाच्या विधीची व्यवस्था केली, बँकेची कामं केली. आणि माझी काळजी म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत एक संदेश टाकला, त्याचाच कागद लिफ्टमध्येही चिकटवला. या कठीण काळात कुटुंबाला एकांत हवा आहे, कृपया भेटायला येऊ नये. कुटुंब म्हणजे मी. मला एकांत हवा आहे का, हे मला लिफ्टमधल्या कागदावरून कळलं.

सोसायटी आपली सुशिक्षित. सगळ्यांनी ऐकलं. फोनवर हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला. मी हॉलमध्ये सतरंजी घातली होती. तिच्यावर कुणी बसलं नाही. संध्याकाळी मी ती झटकून घडी घालायची, सकाळी पुन्हा अंथरायची. तुम्ही दोघांनी फोनवर 'सॉरी फॉर युवर लॉस, आजी' असं म्हटलंत. तुम्ही लहान होतात, शिकवलेलं म्हणालात. तुमच्यावर माझा राग नाही.

शेवटी खालच्या मजल्यावरची पंजाबी शेजारीण आली, डाळीचं पातेलं आणि फडक्यात रोट्या घेऊन. तुमच्या बाबाने दारातच सांगितलं, "आंटी, मम्मी आराम कर रही हैं."

"आराम तो अब सारी उम्र करेगी, बेटा," ती म्हणाली आणि चपला काढून आत आली. त्यांच्याकडे याला 'अफसोस करायला जाणं' म्हणतात. ती माझ्या सतरंजीवर बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हुआ कैसे, दीदी?"

मी सांगितलं. डाळ निवून घट्ट झाली तोवर सांगत होते. तुमचा बाबा मध्ये दोनदा येऊन गेला, पाणी हवं का म्हणून. बसला नाही. शेजारीण पुढे रोज आली आणि रोज तोच प्रश्न विचारला, आणि मी एक दिवस मध्येच थांबून तिच्या रोटीचा तुकडा तोंडात घातला. त्यानंतर मला झोप लागू लागली.

हे सगळं मनात असताना फोनवर तो मला प्रायव्हसी शिकवत होता. मी म्हटलं, "तूसुद्धा मला विचारलं नाहीस."

"काय?"

"बाबांचं कसं झालं ते."

मग म्हणाला, "मला माहीत होतं ना, आई. रिपोर्ट सगळे वाचले होते मी."

"रिपोर्टमध्ये ते नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पुढच्याच रविवारी तुम्ही हसत होतात. त्याने तुम्हाला बॅनचं सांगितलं, याचं सांगितलं नाही.

माफी मी लिहिली नाही, लिहिणार नाही. पण मैत्रिणीला माझा हेतू न कळता हे संपावं हे मला सहन होत नव्हतं. ग्रुपमध्ये माझं तोंड बंद केलं असलं तरी तिला खासगी निरोप पाठवता येत होता. मी प्रश्न विचारला नाही. लिहिलं, की माझा नवरा गेला तेव्हा एका बाईने मला हे विचारलं आणि मी त्यातून वाचले. म्हणून तुला विचारलं. उत्तर देऊ नकोस. शेवटी हेही लिहिलं, की मी गेल्या वर्षीपासून कुंडीचा फोटो काढताना ती विटेवर ठेवते, कारण कुणाला धरायला सांगावं ते कळत नाही.

उत्तर आठवडाभर आलं नाही. त्या दिवसांत मी घरातल्या कुणाशी धड बोलले नाही, अर्थात घरात कुणी नाही. शेजारणीशी बोलले. ती म्हणाली, "गोरे लोग हैं दीदी, अंदर ही अंदर रोती होगी." मी तिच्यावरही चिडले.

उत्तर आलं ते छोटं होतं. तिने लिहिलं होतं की ते प्रश्न काढून टाकण्याआधी तिने पाहिले होते. ती घाबरली होती. ते तिला आवडले नव्हते, हे ती स्पष्ट सांगते, आणि कृपया पुन्हा विचारू नये, ते ती कुणालाच सांगू शकणार नाही. तुझा नवरा गेल्याचं तू कळवलंस तेव्हा मी महिनाभर तुला काही लिहिलं नाही, ते मी तुझ्यासाठी केलं होतं, मला वाटलं होतं तुला कळलं असेल. आणि शेवटी वेगळ्या ओळीवर, माझ्यासारखंच: मी जेवले नव्हते. एवढ्या लोकांत तुझ्याशिवाय कुणी ते विचारलं नाही.

तिचं म्हणणं मला मान्य आहे. तिचं माणूस, तिचं दुःख, तिने सांगावं की सांगू नये हे तिने ठरवायचं. मी पुन्हा विचारणार नाही. तिने मला महिनाभराची शांतता दिली होती आणि मी ती विसरभोळेपणा समजून बसले होते. आमच्या दोघींचं हे मिटलं. बाकीच्यांचं मिटलेलं नाही. तिला माझ्यापासून वाचवायला निघालेल्यांपैकी एकानेही तिला जेवलीस का म्हणून विचारलं नाही, आणि त्या ग्रुपला मी यापुढे मुळं कशी वाचवायची ते सांगणार नाही. गुरुग्रामच्या मुलीने परवा विचारलं आहे, तिच्या उशिरा धरलेल्या कळ्या काळ्या पडतायत. मला दिसतं आहे. उत्तरही माहीत आहे.

राहिलात तुम्ही. तुम्ही आमचे आहात की तिकडचे, हे तुमच्या बाबाशी माझं कायमचं भांडण आहे आणि ते आज मी उघडत नाही. तुम्हाला माझ्या मैत्रिणीसारखं वाटत असेल, की हे विचारू नये, तर तसं सरळ सांगा. मी समजून घेईन, आता मला ते येतं. पण मला न विचारता माझ्या वतीने ठरवू नका, की आजीला त्रास होईल. बाबाने तेच केलं.

आजोबांचं कसं झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते लिहायचं नसतं, कुणीतरी समोर बसून विचारायचं असतं. येत्या रविवारी मी हॉलमध्ये सतरंजी घालून तिच्यावर बसणार आहे आणि फोन समोर स्टुलावर ठेवणार आहे. बाबालाही बसायला सांगा, उभं राहायचं नाही. मग तुमच्यापैकी कुणीही विचारा. उच्चार चुकला तरी चालेल. मी चहापासून सुरुवात करीन.